शाळेतली बाहेर पडण्याची दारे आणि त्यांची कुलपे: काय काढायचे, काय लावायचे आणि कोणत्या क्रमाने

आपत्कालीन दाराला चांगला पॅनिक बार (आतून ढकलला की खटका सोडून दार उघडणारा आडवा दांडा) बसवलेला असतो आणि त्याच दाराच्या वरच्या टोकाला टॉवर बोल्ट सरकवलेला असतो. खाली अल्ड्रॉप (कुलूप लावायची जाड सरकती कडी), अल्ड्रॉपला कुलूप, कुलपाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत गेलेला. बारवर झालेला खर्च अशा वेळी शून्य किमतीचा ठरतो. शाळेचा हेतू वाईट नसतो. चोरी होऊ नये, मुले मधल्या सुट्टीत पळू नयेत, बाहेरचा माणूस आत शिरू नये, या तिन्ही काळज्या खऱ्या आहेत. चूक एवढीच की बाहेरून येणाऱ्याला अडवण्यासाठी लावलेली कडी आतल्यालाही अडवते.

नियम एका वाक्यात सांगता येतो. इमारतीत एकही माणूस असेपर्यंत बाहेर पडण्याचे प्रत्येक दार आतून किल्लीशिवाय, कोणाला विचारल्याशिवाय आणि एकाच हालचालीत उघडले पाहिजे. पुढचे सगळे टप्पे हे वाक्य प्रत्यक्षात कसे आणायचे याबद्दल आहेत.

## आधी नियमांची चौकट

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ आग आणि जीवितसुरक्षेबद्दल आहे. शैक्षणिक इमारती त्यात ‘ब’ गटात येतात. कुलपांच्या दृष्टीने त्यातल्या पुढच्या अटी कामाच्या आहेत:

- बाहेर पडण्याचे दार ज्या बाजूच्या लोकांसाठी आहे, त्या बाजूने किल्लीशिवाय उघडले पाहिजे.
- दाराची रुंदी किमान १,००० मिमी आणि उंची किमान २,००० मिमी हवी. सभागृहासारख्या जागांना रुंदीची अट २,००० मिमी आहे.
- दार बाहेरच्या दिशेने उघडावे आणि उघडल्यावर बाहेरची वाट अडवू नये.
- दार थेट जिन्याच्या पायऱ्यांवर उघडू नये. मध्ये निदान दाराच्या रुंदीएवढा सपाट टप्पा हवा आणि त्याची पातळी आतल्या फरशीइतकीच हवी.
- शाळेची बाहेरची दारे पॅनिक बारने किंवा तशाच साधनाने उघडणारी हवीत. वर्गातून थेट मैदानात उघडणाऱ्या दाराला वर्गाचे साधे कुलूप चालते, पण ते आतल्या माणसाला कोंडू शकणारे नसावे.

महाराष्ट्रात यावर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू होतो. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार जबाबदार असतो, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र त्याने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला. तेव्हापासून संहितेतली अग्निसुरक्षा ही शाळेच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही.

लक्षात ठेवा: ‘नमुना ब’ मिळाला म्हणजे दारे ठीक आहेत असे समजू नका. तपासणीच्या दिवशी साखळ्या काढलेल्या असतात. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

## टप्पा १: दारांची नोंदवही करा, एका दिवसात दोनदा फिरून

मोजपट्टी, खडू आणि वही घेऊन दोन फेऱ्या मारा. पहिली भर शाळेत, तिसऱ्या-चौथ्या तासाला. दुसरी संध्याकाळी, जादा तास किंवा कवायत चालू असताना. दुसरी फेरी टाळू नका. दिवसा उघडी असणारी निम्मी दारे याच वेळी ‘आता कोण आहे?’ म्हणून बंद झालेली सापडतात, आणि वरच्या मजल्यावर चित्रकलेची वीस मुले बसलेली असतात.

प्रत्येक दाराला क्रमांक द्या, खडूने चौकटीवर लिहा आणि वहीत या गोष्टी उतरवा:

१. दार कुठून कुठे जाते आणि कोणत्या दिशेने उघडते.
२. मोकळी रुंदी. दार ९० अंशांत उघडून फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. चौकट ते चौकट मोजलेला आकडा नेहमी जास्त येतो.
३. दार बंद ठेवणारी प्रत्येक वस्तू, एकेक मोजून: कडी, टॉवर बोल्ट, अल्ड्रॉप, लॅच, साखळी, दाराला टेकवलेला बाक.
४. किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस रजेवर असेल तेव्हा कोणाकडे.
५. दार कोणत्या वेळेत कुलूपबंद असते.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या इमारतींत एकाच दारावर तीन-चार अडसर सापडतात, कारण प्रत्येक चोरीनंतर एक नवा लावला गेला आणि जुना कोणी काढला नाही.

आता हिशेब. संहितेनुसार सपाट वाटेला आणि दाराला माणशी ६.५ मिमी, जिन्याला माणशी १० मिमी रुंदी धरतात. समजा एका मजल्यावर २४० मुले आणि ८ शिक्षक आहेत. दारांची एकूण गरज २४८ × ६.५ = १,६१२ मिमी, जिन्यांची २,४८० मिमी. प्रत्येकी १,००० मिमीची दोन दारे आणि १,५०० मिमीचे दोन जिने असतील तर मजला कागदावर बसतो. मागचे दार कुलूपबंद असेल तर उरलेले दार १५३ जणांपुरते आहे, बाकी ९५ जणांसाठी दार नाहीच. कुलूपबंद दाराची रुंदी हिशेबात शून्य धरा.

तपासणी: मुलांची संख्या पटावरून घ्या. शाळेसाठी दर माणशी ४ चौरस मीटर हा संहितेचा आकडा वापरला तर ५० चौरस मीटरच्या वर्गात १२ जण येतात. तिथे साठ मुले बसत असतील तर साठच धरायची.

## टप्पा २: दारांची वाटणी करा

एकच प्रकारचे कुलूप सगळीकडे लावणे ही खरेदी करतानाची पहिली चूक. नोंदवहीतली दारे अशी वाटून घ्या:

- बाहेरची दारे आणि जिन्याच्या तळाची दारे: पॅनिक बार. आतून कायम मोकळी.
- मजल्यावरून जिन्यात जाणारी दारे: बहुतेक ठिकाणी ही आगरोधक असतात. पॅनिक बार किंवा नुसते ढकलून उघडणारे दार. आपोआप बंद होणे सक्तीचे.
- सभागृह, वाचनालय, प्रयोगशाळा: गर्दी होते तिथे पॅनिक बार. प्रयोगशाळा लहान असली तरी दुसरे दार असेल तर ते कपाटामागे जाऊ देऊ नका.
- वर्गांची दारे: साधा दांडीचा हँडल, आतून दाबला की उघडणारा.
- भांडार, कार्यालयाची तिजोरीची खोली, संगणक-सर्व्हरची खोली: यांना हवे ते कुलूप लावा. कोणाच्याही बाहेर पडण्याची वाट त्यांतून जात नसावी, एवढीच अट.

## टप्पा ३: आधी काढा, मग लावा

नवे साधन बसवण्याआधी जुने सगळे अडसर काढून टाका. क्रम उलटा केला तर जुने अडसर ‘राहू दे, कधी लागेल’ म्हणून राहतात आणि पावसाळ्याच्या सुट्टीत पुन्हा वापरात येतात.

किल्ली जप्त करून भागत नाही. कोयंडाच काढा, स्क्रूची भोके लांबी (पुट्टी) भरून बुजवा आणि रंग मारा. कोयंडा दिसला की त्याला कुलूप लावायची इच्छा कोणाला तरी होतेच.

चॅनल गेटबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण शाळांमध्ये खरी अडचण तीच असते. जिन्याच्या तोंडाशी बसवलेले सरकते लोखंडी गेट बाहेर पडण्याचे दार म्हणून धरता येत नाही. ते ढकलून उघडत नाही, गर्दीचा भार आला की रुळात अडकते, आणि लहान मुलाची बोटे त्याच्या कात्रीत सापडतात. शक्य असेल तर कापून काढा. लगेच काढता येत नसेल तर उघड्या स्थितीत बांधून ठेवा. गेट पूर्ण सरकवून भिंतीतल्या कड्याला कुलपाने जखडा, किल्ली मुख्याध्यापकांच्या ताब्यात. शाळा भरायच्या आधी गेट उघडे जखडले जाईल आणि इमारत रिकामी झाल्यावरच सुटेल. तेच कुलूप, पण आता ते गेट बंद होऊ देत नाही.

इशारा: ‘काच फोडा, किल्ली घ्या’ ही पेटी किल्लीविना उघडण्याच्या अटीत बसत नाही. धुरात, अंधारात, मागून लोटालोट होत असताना नऊ वर्षांचे मूल काच फोडून, किल्ली शोधून, कुलपाचे तोंड चाचपून दार उघडेल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे.

## टप्पा ४: दाराची दिशा आणि चौकट

आतल्या बाजूला उघडणाऱ्या दाराला पॅनिक बार बसवू नका. बार दाबणे म्हणजे दार ढकलणे. दार आत उघडत असेल तर दाबणारा माणूस ते स्वतःच बंद धरून ठेवतो आणि मागची गर्दी त्याला दारावर चेपते.

दिशा बदलताना नुसत्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला हलवून काम होत नाही. लाकडी चौकटीला दार टेकण्यासाठी एकाच बाजूला खाच असते. ती दुसऱ्या बाजूला नव्याने पाडावी लागते, नाहीतर चौकट काढून उलटी बसवावी लागते. लोखंडी चौकट बहुतेक वेळा बदलणेच सोयीचे. सुताराला काम सांगताना हे आधी बोला. नाहीतर दार बाहेर उघडते पण बंद झाल्यावर टेकायला काही नसते, आणि मग ते टिकवण्यासाठी पुन्हा कडी येते.

दिशा बदलण्याआधी बाहेर जाऊन तीन गोष्टी पाहा:

१. दारासमोर लगेच पायरी आहे का? असेल तर आधी सपाट टप्पा बांधून घ्या.
२. उघडलेली फळी व्हरांड्यात किती घुसते? अरुंद व्हरांड्यात वर्गाचे दार १८० अंश उघडून भिंतीला टेकेल अशा बिजागऱ्या लावा किंवा दार भिंतीच्या जाडीत आत घ्या.
३. बाहेर पाणी किंवा माती साचते का? पावसाळ्यात दारासमोर गाळ चढला की बाहेर उघडणारे दार अर्ध्यावर अडते. उताराची नाली आधी काढा.

## टप्पा ५: कोणते साधन घ्यायचे

एका फळीचे दार. फळीच्या आतल्या पृष्ठभागावर बसणारा, एकाच खटक्याचा आडवा बार पुरेसा असतो. दाबायचा भाग फळीच्या निम्म्या रुंदीपेक्षा कमी नको. शाळेसाठी आडवा बारच घ्या. छोटे पॅड किंवा हँडल तिथल्या रोजच्या माणसांना माहीत असते, पण घाबरलेल्या गर्दीतल्या मुलाला शोधावे लागते. युरोपीय मानकांत हाच फरक दोन वेगळ्या क्रमांकांनी केलेला आहे: ईएन ११२५ गर्दीच्या जागेच्या आडव्या बारसाठी, ईएन १७९ प्रशिक्षित लोकांच्या जागेतल्या हँडल-पॅडसाठी. वस्तूवरचा क्रमांक वाचूनच खरेदी करा.

दोन फळ्यांचे दार. सर्वाधिक चुका इथे होतात. एका फळीला बार आणि दुसरीला वर-खाली टॉवर बोल्ट, ही जोडणी अर्धे दार बंद ठेवते. दोन्ही फळ्यांना बार हवेत आणि कोणतीही फळी आधी ढकलली तरी ती उघडली पाहिजे. फळ्यांच्या सांध्यावर पट्टी ठोकलेली असेल तर एक फळी दुसरीला अडकून बसते. पट्टीची रचना बदला, किंवा मध्ये उभा खांब टाकून दोन स्वतंत्र दारे करा. खांबाचा पर्याय देखभालीला सोपा. तो निवडला तर प्रत्येक बाजूची मोकळी रुंदी पुन्हा मोजा.

उभ्या सळ्यांचा बार. यात खटका वरच्या चौकटीत आणि खाली फरशीत जातो. फरशीतल्या भोकात धूळ, खडूचा चुरा आणि पुसण्याचे पाणी जमते, सळई पूर्ण बसत नाही, दार हलते, आणि ‘हे नीट बंद होत नाही’ म्हणून कोणी साखळी आणतो. शक्य तिथे फक्त वरच्या सळईचा प्रकार घ्या. आगरोधक दारावर तसे करण्याआधी त्या दाराचे प्रमाणपत्र ते मान्य करते का, हे उत्पादकाकडून लेखी घ्या.

आगरोधक दार. याचा खटका कायम आत ओढून ठेवण्याची सोय नसलेला प्रकार घ्यावा लागतो, कारण हे दार आपोआप बंद होऊन खटक्यात बसलेच पाहिजे. साध्या बाहेरच्या दारावर ती सोय उपयोगी पडते: शाळा सुटताना एका चावीने बार दाबलेल्या स्थितीत ठेवता येतो, दार नुसते ढकलले जाते आणि खटका झिजत नाही.

मॅग्नेटिक लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारे कुलूप. बाहेर पडण्याच्या दारावर टाळता आले तर टाळा. नेहमीचा लॉक २७० किलोच्या आसपास ओढ धरतो, म्हणजे दोन-चार मुलांनी मिळून ढकलले तरी तो सुटायचा नाही. ‘वीज गेली की सुटतो’ हे उत्तर अर्धे खरे आहे. त्याला इन्व्हर्टर किंवा बॅटरी जोडलेली असेल तर वीज गेल्यावरही तो धरून बसतो. लावायचाच असेल तर तीन जोडण्या हव्यात: आगीची घंटा वाजताच वीज थेट तुटणे, बारला हात लागताच वीज तुटणे, आणि दारापासून दीड मीटरच्या आत लॉकची तार थेट तोडणारे बटण. संगणकाला संदेश पाठवून मग लॉक सोडणारे बटण चालणार नाही.

### वर्गाचे कुलूप: आतून सुरक्षित, पण कोंडणारे नाही

बाहेरून हल्ला झाला तर वर्ग आतून बंद करता यावा, ही मागणी रास्त आहे. त्यासाठी आतून किल्लीने किंवा बटणाने फक्त बाहेरचा हँडल निकामी करणारे कुलूप मिळते. आतला हँडल मात्र दाबला की दार उघडतोच, आणि बाहेरून मुख्याध्यापकांच्या किंवा अग्निशमन दलाच्या किल्लीने ते उघडता येते. दोन्ही अटी पूर्ण होतात.

आडवी लोखंडी पट्टी, फरशीत रोवायची खिटी, हँडलला बांधायचा पट्टा यांसारखी साधने घेऊ नका. ती काढायला माहिती आणि ताकद लागते, बाहेरून ती कोणालाच काढता येत नाहीत, आणि एखादा मोठा मुलगा त्याच पट्टीने लहान मुलीला वर्गात कोंडू शकतो. हा धोका हल्ल्यापेक्षा कितीतरी जास्त रोजचा आहे.

बाहेरच्या बाजूची कडी वर्गांवरून सरसकट काढा. रिकाम्या वर्गाला रात्री कुलूप हवे असेल तर किल्लीचे कुलूप आहेच. बाहेरून सरकवायची कडी म्हणजे आतल्याला कोंडण्याचे साधन.

## टप्पा ६: बसवणे

१. आधी दार सरळ करा. बिजागऱ्या घट्ट, फळी चौकटीला कुठेही न घासणारी, भोवती साधारण ३ मिमी फट. लाकडी दार पावसाळ्यात फुगते, म्हणून उन्हाळ्यात बसवत असाल तर फट थोडी मोकळी ठेवा.

२. डोअर क्लोजर (दार आपोआप बंद करणारे साधन) सोडवा. बार बसवताना क्लोजरचा ताण आड आला की खटका कुठे घासतो ते कळत नाही.

३. उंची ठरवा. फरशीपासून बारपर्यंत ९०० ते १,१०० मिमी. बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या दारांना ९०० मिमीच्या आसपास ठेवा. सगळ्या शाळेत एकच उंची ठेवण्याचा आग्रह धरू नका.

४. बारचे डोके (खटका असलेला भाग) बसवा, मग समोर चौकटीवर खटका ज्यात बसतो तो घर-तुकडा. डब्यातल्या कागदी नमुन्यावरूनच भोके पाडा. पोकळ फळीवर साधे लाकडी स्क्रू वापरू नका. शेकडो वेळा दाबल्यावर ते उपटून येतात. आरपार बोल्ट वापरा.

५. दार बंद करून बाहेरून तळहाताने दाबा. खटका घरात सैल, पण पूर्ण बसला पाहिजे. घर फार आत बसले की दाराला रबरी पट्टीचा दाब येतो, खटका आवळला जातो आणि बार जड होतो. शाळा ‘बार खराब निघाला’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा हाच दोष असतो. घराचे स्क्रू सैल करून ते एक-दोन मिमी सरकवले की बार हलका होतो.

६. शेवटी क्लोजर जोडा आणि दार खटक्यात बसेल एवढाच ताण ठेवा. ताण जास्त ठेवला तर दार उघडायला जड होते.

इशारा: बारवर नाव, बोधवाक्य, फुलांची माळ, सूचनेचा कागद काहीही लावू नका. वर एकच पाटी: ‘ढकला’, आणि वीज गेल्यावरही दिसणारी बाहेर पडण्याची खूण. दारावर आरसाही नको. गर्दीला वाट कळत नाही, म्हणून संहिताही तो मनाई करते.

## टप्पा ७: चोरीपासून बचाव, बाहेरच्या बाजूने

बाहेरून दार पूर्ण कोरे ठेवता येते: ना हँडल, ना कोयंडा. ज्या एका-दोन दारांतून सकाळी आत यायचे त्यांनाच बाहेरून किल्लीचा हँडल घ्या. ती किल्ली बाहेरचा हँडल बंद करते, बारला हात लावत नाही. खरेदीच्या वेळी हे दुकानदाराच्या बोलण्यावर सोडू नका. किल्ली फिरवून, मग आतून बार दाबून पाहा.

मुले पळून जाण्याची भीती असेल तर बारला बॅटरीवरची घंटा जोडा. दार उघडते, पण गुपचूप उघडत नाही.

बालवाडीत दाराबाहेर थेट रस्ता असेल तर उपाय दाराला कुलूप हा नाही, बाहेर कुंपण घातलेले आवार हा आहे. आवाराचे फाटक बंद ठेवायचे असेल तर सगळी मुले इमारतीपासून दूर उभी राहू शकतील एवढी जागा आत हवी. अमेरिकेतल्या संहितेचे माप यासाठी चांगले आहे: इमारतीपासून किमान १५ मीटर दूर आणि माणशी साधारण अर्धा चौरस मीटर. ३०० मुलांना १५० चौरस मीटर मोकळी जागा, आणि तिथे दुचाक्या लावायच्या नाहीत. जागा नसेल तर फाटकही शाळेच्या वेळेत कुलपाविना, पहाऱ्यावर.

## टप्पा ८: चाचणी

काम पूर्ण झाल्याची सही करण्याआधी प्रत्येक दारावर हे करा. उपकरण म्हणून घरातला वजनकाटा पुरतो. उभा धरल्यावर तो आधी शून्यावर आणा.

१. काटा बारवर टेकवून सावकाश दाबा. खटका सुटताना काटा आठ किलोच्या आत असावा.
२. खटका सुटल्यावर दार हलवायला तेरा-साडेतेरा किलोपेक्षा जास्त जोर लागू नये. जास्त लागला तर क्लोजर सैल करा, बिजागऱ्यांना तेल द्या.
३. दोन मोठी माणसे आतून दारावर रेलून उभी राहू द्या आणि तिसऱ्याने बार दाबावा. गर्दीत दार असेच उघडावे लागते. ईएन ११२५ मध्ये दारावर सुमारे १०० किलोचा भार असताना बार २२ किलोच्या आत सुटला पाहिजे अशी अट आहे. रेलल्यावर बार अडकत असेल तर खटक्याचे घर पुन्हा जुळवा.
४. त्या दारातून जाणाऱ्या सर्वात लहान वर्गातल्या मुलाला उघडायला सांगा. कसे उघडायचे ते शिकवू नका. त्याने विचारले तर दार नापास.
५. मुख्य स्विच बंद करून, इन्व्हर्टर चालू ठेवून, विजेचे प्रत्येक कुलूप पाहा.
६. बार दाबताना एका हाताने आणखी काही सोडवावे लागते का? लागत असेल तर टप्पा ३ अपुरा राहिला आहे.

## टप्पा ९: रोजचा क्रम

सकाळी. पहिले मूल आत येण्याआधी एक ठरलेला माणूस नोंदवहीच्या क्रमाने प्रत्येक दारापाशी जातो, बार दाबून दार पूर्ण उघडतो, बाहेर काही ठेवलेले नाही ना ते पाहतो आणि वहीत वेळ टाकतो. नुसते पाहून पुढे जायचे नाही, दार दाबायचे. त्याच्या रजेच्या दिवशी कोण, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

संध्याकाळी. फाटकाचे आणि चॅनल गेटचे कुलूप सगळ्यात शेवटी. आधी वरच्या मजल्यापासून खाली स्वच्छतागृहांसह फेरी, मग कुलूप. दोन सत्रांच्या शाळेत मधल्या अर्ध्या तासात काहीही बंद करायचे नाही.

आठवड्याला: फरशीतली सळईची भोके साफ करा आणि आगरोधक दारे सुटी सोडून आपोआप खटक्यात बसतात का पाहा. अशा दारांखाली वीट, पाचर, कचऱ्याचा डबा लावलेला सापडतोच. दार दिवसभर उघडे हवे असेल तर आगीच्या घंटेबरोबर सुटणारा चुंबकी धारक बसवा.

जून आणि नोव्हेंबरमध्ये: वजनकाट्याची चाचणी पूर्ण. लाकडाची फुगवट आणि नंतरचे आकसणे या दोन वेळांना कळते. जून आणि नोव्हेंबरच्या नोंदी हाताशी असतील तर जुलै-जानेवारीच्या ‘नमुना ब’ वेळी परवानाधारक संस्थेला दाखवायला खरे कागद असतात.

### शाळा दुसऱ्याच्या हातात असते तेव्हा

परीक्षा केंद्र, मतदान केंद्र, सुट्टीतली शिबिरे, लग्नासाठी दिलेले सभागृह. या दिवसांत शाळेची माणसे नसतात आणि दारांचे निर्णय दुसरे घेतात.

बोर्डाच्या परीक्षेत कॉपी रोखण्यासाठी मागचा जिना बंद करण्याची सूचना होते. कुलूप लावू नका. दारावर सही-शिक्क्याची कागदी पट्टी चिकटवा आणि पलीकडे एक माणूस बसवा. दार उघडले तर पट्टी फाटते, म्हणजे लबाडी कळते, पण आग लागली तर पट्टी कोणाला अडवत नाही. सभागृह भाड्याने देताना करारात एक ओळ घाला: कोणत्या क्रमांकाची दारे मोकळी राहतील, आणि मंडप, खुर्च्यांचे ढीग, जनरेटर त्यांच्या समोर येणार नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी शाळेचा माणूस ती दारे दाबून पाहील आणि त्याच वहीत वेळ टाकेल. मंडपवाला दाराला दोरी बांधून कनात ताणतो, तीही त्याच फेरीत सोडवून घ्यायची.